बद्रूनं उलट मारलं तेव्हा

नवऱ्याच्या मारहाणीवर विनोदी चित्रपट काढावा का? ‘डार्लिंग्स’ ५ ऑगस्ट २०२२ रोजी नेटफ्लिक्सवर आला, तेव्हा यावरून बराच वाद झाला. जसमीत के. रीन या दिग्दर्शिकेचा हा पहिला चित्रपट, आणि निर्माती म्हणून आलिया भट्टचाही पहिलाच. भायखळ्यात राहणारी बद्रू, रेल्वेत तिकीट तपासनीस असलेला तिचा नवरा हमजा आणि जवळच राहणारी तिची आई शमशू यांची ही गोष्ट. हमजा रात्री मारतो, सकाळी लाडीगोडी लावतो, बद्रू माफ करते. एकदा तो तिला जिन्यावरून ढकलतो आणि पोटातलं मूल जातं. मग मायलेकी त्याला घरातच डांबतात आणि त्यानं केलं तेच त्याच्यावर करतात. पुरुषांवरच्या हिंसेची ही भलामण आहे, असं म्हणत चित्रपट येण्याआधीच समाजमाध्यमांवर बहिष्काराची हाक दिली गेली होती.

अलिबाग-मुरूडच्या किनाऱ्यावरच्या गावांत काम करताना हा चित्रपट मी बायकांबरोबर पाहिला. मतं चार दिशांना गेली. कॉलेजातल्या मुलींनी टाळ्या पिटल्या. मासे विकणारी एक आजी म्हणाली, “मना काय हसू नाय आला.” एका कार्यकर्त्या मैत्रिणीला वाटलं, की एवढ्या गंभीर प्रश्नाची यात थट्टा होते. तर बचत गटातल्या एकीच्या नवऱ्यानं मला विचारलं, “हेच बाप्यानं केलं असतं तर तुम्ही मोर्चा काढला असता ना?”

काढला असताच. पण या भावाला एक विचारावंसं वाटतं. चित्रपटाच्या पहिल्या अर्ध्या भागात बाप्या तेच तर करत असतो. तेव्हा तुमचा जीव का कासावीस झाला नाही? बद्रूनं हात उचलला तेव्हाच ती ‘हिंसा’ झाली, त्याआधीचा होता तो ‘संसार’! शिवाय बद्रू शेवटी नवऱ्याला मारायचं नाही असंच ठरवते, आणि हे बहिष्कारवाल्यांच्या गावीही नाही.

भातात खडा लागला म्हणून हमजा मारतो. हे कुणाला अतिशयोक्त वाटेल. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बायकांना आणि पुरुषांना सात कारणं देऊन विचारलं होतं, की यांपैकी कशासाठी नवऱ्यानं मारणं योग्य आहे? स्वयंपाक नीट न करणं हे त्यातलंच एक कारण. ४५ टक्के बायका आणि ४४ टक्के पुरुष निदान एका कारणाला तरी ‘हो’ म्हणाले. म्हणजे खडा नुसता बद्रूच्या भातात नाही, आपल्या डोक्यातही आहे.

पाहताना एकजण हळूच म्हणाली, “त्यांच्यात असतंच हे.” बद्रूचं कुटुंब मुसलमान आहे, म्हणून. हा धोका चित्रपटकर्त्यांनी ओळखायला हवा होता. पण त्याच पाहणीत देशातल्या लग्न झालेल्या, १८ ते ४९ वयाच्या २९.३ टक्के बायकांनी नवऱ्याची हिंसा सोसल्याचं सांगितलं. त्या सगळ्या जातिधर्मांच्या घरांतल्या आहेत. आमच्याकडे कोळीवाड्यातल्या येतात, आगरी येतात, मराठा येतात, मोहल्ल्यातल्याही येतात. वळ सगळ्यांचे सारखेच असतात.

मला चित्रपटात मोलाची वाटली ती वेगळीच गोष्ट. दारूमुळे मारतो, असं बद्रूला वाटतं, म्हणून ती चोरून औषध देते. पण हाच हमजा साहेबानं संडास धुवायला लावला तर निमूट धुतो. साहेबावर त्याचा हात उठत नाही. राग कुणावर काढायचा, हे त्याला बरोबर कळतं. हा प्रसंग पाहून खोली गप्प झाली. दारूबंदीसाठी जीव तोडून काम करणाऱ्या बायांनीही मान हलवली.

आणि हसण्याचं म्हणाल, तर माझं मत हसण्याच्या बाजूनं आहे. हसू मार खाणाऱ्या बद्रूवर येत नाही, रुबाब उतरलेल्या हमजावर येतं. ज्याची भीती वाटते त्याला हसता येणं हीही सुटकेची एक पायरी आहे. त्या आजीला हसू आलं नाही, तिचंही खरं. काहींच्या बाबतीत ती पायरी फार उशिरा येते.

चित्रपटात शेवटी हमजाचा निकाल रेल्वेगाडी लावते. ती सोय कथेला असते, आपल्याला नसते. आपल्याकडे आहे तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झालेला कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा. त्यात सामायिक घरात राहण्याचा हक्क आहे, संरक्षण अधिकारी आहे; त्याशिवाय वेगळी १८१ ही हेल्पलाइनही आहे. बद्रूच्या घरातला आवाज शेजारपाजारी ऐकू जातो, पण पोलिसांकडे जातो तो एकटा झुल्फी. मैत्रिणींनो, तिनं उलट मारावं का, यावर खुशाल वाद घालू. पण भिंतीपलीकडून आवाज आला की आपण टीव्ही मोठा करतो की कडी वाजवतो, हे आधी ठरवू. या कायद्याखाली माहिती शेजारीणही देऊ शकते. पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं आपल्या तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याचा फोन नंबर घेऊन यायचं आहे.