फार्मसीचं ट्रेनिंग: औषध देणं शिकतात, भांडार सांभाळणं कधी?

डी.फार्म.ला ५०० तासांचं प्रॅक्टिकल ट्रेनिंग सक्तीचं आहे. त्यातले निम्मे तास चिठ्ठीप्रमाणे औषध देण्याचे. सहा वर्षांच्या फार्म.डी.त शेवटचं वर्ष रेसिडेन्सीचं, तेही किमान ३०० खाटांच्या रुग्णालयात. ग्रामीण रुग्णालय साधारण ३० खाटांचं, म्हणजे शहर गाठावंच लागतं. तिथंही भर वॉर्डातल्या पेशंटवर.

औषध भांडार चालवणं वेगळं: मागणी कधी नोंदवायची, मुदत संपत आलेला साठा आधी कसा काढायचा. अमेरिकेत फार्मसी व्यवस्थापनासाठी दोन वर्षांची रेसिडेन्सी असते. इथं बहुतेक जण नोकरीला लागल्यावरच शिकतात. हिशेब चुकला, तर साप चावलेल्याला इंजेक्शनसाठी जिल्ह्याला पळवावं लागतं. म्हणून पोरांनी ट्रेनिंगच्या फॉर्मवर नुसती सही आणू नये. स्टॉक रजिस्टरही हाताळावं.