पावसाळी विजारही पारखून घ्या

मृग लागला की अंबरनाथ-बदलापूरकडचा शेतकरी रेनकोट घ्यायला उल्हासनगरच्या बाजारात जातो. वरचा कोट दहादा पारखतो, विजार मात्र दुकानदार देईल ती. रानात आधी फाटते ती विजारच!

माझीच गोष्ट घ्या. गेल्या आषाढात बारवीकडे भातखाचरं पाहायला गेलो. पहिलाच बांध ओलांडला आणि नवी विजार आसनात टर्रकन उसवली. दिवसभर ओल्या पँटमध्ये फिरून जांघा सोलवटल्या.

म्हणून सांगतो, विजार उलटी करून शिवण बघा. शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली नसेल तर सुईच्या भोकांतून पाणी शिरणारच. दुकानातच उकिडवे बसून पाहा. ताणली तर मोठं माप घ्या. नुसत्या प्लास्टिकपेक्षा आतून कापड असलेली जाड विजार करवंदीच्या काट्यांत टिकते. उल्हासनगरची जीन्स मजबूत खरी, पण भिजली की जड होते अन् लवकर वाळत नाही.

लावणीच्या चिखलात ही विजार कामाची नाही. पण बांधावर गवत कापताना, गुरांमागे जाताना हवीच. ती गमबुटावरून बाहेर सोडा, म्हणजे पाणी आत उतरणार नाही. उंदरांच्या मुतानं दूषित झालेलं पाणी पायाच्या जखमेला लागलं तर लेप्टो होऊ शकतो. घोणस-फुरशापुढे मात्र विजारीचा भरवसा धरू नका. हातात काठी हवी.

आणि घरची बाई? बांधावर गवत कापायला तीही असते, ओल्या लुगड्यात. बंधूंनो, यंदा एक विजार तिच्या मापाचीही घ्या.