फुकट विजेआधी अर्थिंग द्या



रात्री दोनला लाईट येते. कपाशीला बोंडं धरलेली असतात, ज्वारी पोटरीत आलेली असते. एक पाणी मिळालं तर दाणा, नाही तर नुसता कडबा. वैजापूरचा असो की पैठणचा, माणूस बॅटरी घेऊन विहिरीवर जातो, ओल्या हाताने स्टार्टरचं बटण दाबतो आणि तिथेच चिकटतो. दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द : निष्काळजीपणा.

कोणाचा? डीपीच्या पेटीला झाकण नाही. फ्यूजच्या जागी जाड तार. अर्थिंगची पट्टी गंजून तुटलेली. हा निष्काळजीपणा मेलेल्या शेतकऱ्याने केला काय? साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना एप्रिल 2024 पासून वीज मोफत केली म्हणून सरकार पाठ थोपटून घेते. मोफत वीज रात्रीचीच द्यायची आणि डीपी उघडी ठेवायची, ह्याला मदत म्हणत नाहीत.

आता आपल्या घरातलंही बोलू. मोटरच्या बॉडीला दोन वेगवेगळ्या अर्थिंग हव्यात, हे 1956 च्या वीज नियमांपासून लिहिलेलं आहे, आणि ते काम मालकाचं, म्हणजे आपलं. किती जणांकडे एक तरी आहे? आपल्या मुरमाड जमिनीत उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडतो, मग अर्थिंग असून नसल्यासारखी. खड्ड्यात पाणी ओता. करंट लीक झाला की लाईन तोडणारा ब्रेकर स्टार्टरच्या आधी बसवा. मोटर जळाली की रिवाइंडिंगला जातात, त्यापेक्षा तो महाग नाही. आणि तो ऑटोस्विच काढा. तुम्ही कपलिंगला हात घालून बसलेले असता, लाईट येते, मोटर न विचारता फिरते. शिवाय सगळ्या मोटरी एकदम सुरू होऊन डीपी जळते ती वेगळीच.

सौर पंपवाल्यांनो, तुम्ही सुटलात असं समजू नका. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेतून आलेल्या कंट्रोलरची जात वेगळी आहे. डीपीवरचा फ्यूज काढला की लाईन मेली, ही आपली जुनी सवय इथे जीव घेईल. ऊन आहे तोवर पॅनेलची तार जिवंतच, आणि तीत शेकडो व्होल्ट डीसी. स्विच बंद केल्यावरही कंट्रोलरच्या आतले कपॅसिटर काही मिनिटं करंट धरून ठेवतात. पेटीवर जेवढी वेळ लिहिली असेल तेवढं थांबा. पंप चालू असताना पॅनेलचे जोड ओढू नका, ठिणगीचा जाळ होतो. हे बसवणाऱ्यानेच शिकवायला हवं, मराठीत, शेतात उभं राहून. नाही शिकवलं तर पंप मिळाल्याच्या कागदावर सही करू नका.

आणि अपघात झालाच, तर चिकटलेल्याला हाताने ओढू नका, आधी लाईन तोडा. मृत्यू झाला तर 2003 च्या वीज कायद्याच्या कलम 161 खाली विद्युत निरीक्षकाच्या चौकशीची मागणी लेखी करा. गोपीनाथ मुंडे अपघात योजनेचे दोन लाख आणि कंपनीच्या चुकीची भरपाई ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक घेऊन दुसरी सोडू नका. पंचनाम्यात डीपीची अवस्था लिहायला लावा. वायरमन येऊन झाकण बसवायच्या आत फोटो काढून ठेवा.