पाहुण्या रेणूची साक्ष

भिलाईच्या पोलाद कारखान्यात वितळलेल्या पोलादाचे तापमान घ्यावयाचे झाल्यास तापयुग्माची एषणी त्या रसात काही क्षण बुडवितात. रस सुमारे १,६०० अंश सेल्सिअसचा आणि कित्येक टनांचा. त्यापुढे एषणी ती केवढी! तिच्यामुळे रस निवाला असे कोणी म्हणणार नाही. द्रवस्फटिकातील रेणूंची हालचाल मोजणाऱ्याला मात्र ही निश्चिंती लाभत नाही.

१८८८ साली प्राग येथे रायनिट्झर यांना कोलेस्टेरिल बेंझोएट दोनदा वितळल्यासारखे दिसले : १४५.५ अंशांवर गढूळ द्रव, १७८.५ अंशांवर स्वच्छ. असल्या गढूळ अवस्थेतील रेणू द्रवाप्रमाणे वाहतात, तरी आपले लांबट अक्ष शेजाऱ्यांशी बहुतांशी समांतर ठेवतात. ते किती वेगाने डोलतात हे जाणण्यासाठी नायट्रॉक्साइड वर्गाचा एक परका रेणू अल्प प्रमाणात मिसळतात. त्यातील एक इलेक्ट्रॉन जोडीदाराविना असतो. चुंबकीय क्षेत्रात तो सूक्ष्मतरंग शोषतो आणि शेजारच्या नायट्रोजनच्या अणुगर्भामुळे त्या शोषणाच्या तीन रेषा उमटतात. रेषांमधील अंतर रेणूची दिशा सांगते, त्यांची रुंदी व आकार त्याची गती. हे इलेक्ट्रॉन-अनुस्पंदन झावोइस्की यांनी १९४४ साली कझान येथे शोधले. भिलाईच्या कारखान्याला पुढे साहाय्य लाभले तेही त्याच सोव्हिएत देशाचे.

परंतु ही एषणी स्वतः रेणूएवढीच मोठी! कोलेस्टेनच्या सांगाड्याची लांबट एषणी यजमानांच्या रांगेत चपखल बसते आणि शिस्त मोठी असल्याचे सांगते. टेम्पो नावाची लहान, वाटोळी एषणी त्याच पदार्थात जवळजवळ स्वैर गिरक्या घेते. थरांच्या द्रवस्फटिकात तर ती शेपट्यांच्या सैल भागाकडे सरकते. दोघींपैकी खोटी कोणीच नाही, मात्र प्रत्येकीची साक्ष स्वतःच्या जागेपुरती आहे. कित्येक लेखांत पाहुण्याची गती यजमानाची म्हणून खपविली जाते, ते समर्थनीय नव्हे.

यजमानाच्याच हायड्रोजनऐवजी ड्यूटेरियम घालून अणुगर्भीय अनुस्पंदन पाहिल्यास परका कोणी लागत नाही. मात्र त्याची संवेदनक्षमता कमी आणि त्याला नमुनाही अधिक लागतो. सेकंदाच्या अब्जांशातील हालचाली टिपण्यास इलेक्ट्रॉनच सरस. अणुगर्भीय अनुस्पंदनाची परंपरा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत धर्माट्टी यांनी रुजविली. थाळीसारख्या रेणूंचे द्रवस्फटिक १९७७ साली बंगळूर येथे चंद्रशेखर व त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले. २०१६ साली स्थापन झालेली भारतीय तंत्रज्ञान संस्था भिलाईतही आहे. अशा ठिकाणी हा विषय शिकविताना दोन्ही पद्धतींचे आलेख विद्यार्थ्यासमोर शेजारी-शेजारी ठेवावेत आणि ते जुळत नसतील तेथे एषणी नेमकी कोठे बसली आहे, हा प्रश्न त्याला प्रथम विचारावा.