गाडी माझी, हप्ते माझे. मग पेनड्राइव्ह लावायला परवानगी कुणाची?

स्पष्टच लिहितो. गाडीच्या डॅशबोर्डवरच्या टचस्क्रीनचं सॉफ्टवेअर आणि त्यातले नकाशे अपडेट करायला मालकाला सर्व्हिस सेंटरची पायरी चढावी लागू नये. कंपनीने फाइल द्यावी, मालकाने ती आपल्या पार्किंगमध्ये उभं राहून पेनड्राइव्हने चढवावी. इतकी साधी गोष्ट आहे. आणि या साध्या गोष्टीसाठी आपल्याकडे लोक दिवस मोडतात, पैसे मोजतात आणि वर "सर, हे तुमचं काम नाही" हेही ऐकून घेतात.

ज्यांनी हे कधी केलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. स्क्रीनच्या मागे एक छोटा कॉम्प्युटर असतो. सेटिंगमध्ये गेलात की त्याचा व्हर्जन नंबर दिसतो. कंपनीच्या वेबसाइटवर चेसिस नंबर टाकायचा, तुमच्या गाडीची फाइल उतरवायची, कंपनी सांगेल त्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर ती टाकायची. गाडी मोकळ्या जागेत उभी करायची, पेनड्राइव्ह लावायचा, स्क्रीनवर "अपडेट" दाबायचं आणि काम पुरं होईपर्यंत गाडी बंद करायची नाही. अर्धा-पाऊण तास लागतो, नकाशे मोठे असतील तर जास्त. ज्याला मोबाइलवरून लाइटबिल भरता येतं, त्याला हे जमतं.

काही कंपन्या आपल्याकडेही अशी फाइल देतात. नव्या गाड्यांत तर सिमकार्डच असतं, अपडेट हवेतून येतं. म्हणजे हे अशक्य नाही. जे देत नाहीत, ते द्यायचं नाही म्हणून देत नाहीत.

आता कुणी म्हणेल, स्क्रीनचं काय एवढं कौतुक? गाणी वाजली की झालं.

नाही झालं. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतूचं उद्घाटन झालं. जवळपास २२ किलोमीटरचा पूल. त्याआधीचा नकाशा असलेली गाडी त्यावरून न्या, तुमचा बाण निळ्या समुद्रात पोहताना दिसेल. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, सगळा ७०१ किलोमीटर जून २०२५ मध्ये. २०२१ च्या नकाशाला यातलं काहीच ठाऊक नाही. जुन्या नकाशात छत्रपती संभाजीनगर शोधा, धाराशिव शोधा, अहिल्यानगर शोधा. सापडणार नाहीत. रस्ते बदलले, जिल्ह्यांची नावं बदलली, आणि टॉप मॉडेलसाठी जास्तीचे पैसे मोजून घेतलेलं नेव्हिगेशन मात्र जिथल्या तिथे.

पण नकाशा ही अर्धीच गोष्ट. रिव्हर्स कॅमेरा याच स्क्रीनवर दिसतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये मागे एखादं पोर खेळत असताना स्क्रीन अडकली आणि दोन सेकंदांपूर्वीचं चित्र दाखवत बसली, तर त्याला काय करमणूक म्हणायचं? अमेरिकेत २०२१ साली टेस्लाला याच कारणासाठी सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या. स्क्रीनच्या मागची मेमरी चिप झिजत होती, स्क्रीन बंद पडत होती, कॅमेरा आणि काचेवरचं धुकं घालवणारं बटण त्याच्याबरोबर जात होतं. तिथल्या वाहन सुरक्षा यंत्रणेने हा सुरक्षेचा दोष मानला आणि दुरुस्ती फुकट करून द्यावी लागली.

आपल्याकडे काय होतं, ते माझ्याच गाडीवरून सांगतो. कंपनीचं नाव घेत नाही, कारण हा रोग एका कंपनीचा नाही. गाडी पाच वर्षांची. रिव्हर्स टाकला की स्क्रीन कधीकधी काळी पडायची. सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणाला, "सर, सॉफ्टवेअर जुनं झालंय, अपडेट मारावं लागेल." अंदाजपत्रक हातात दिलं: नकाशांचे नऊ हजार, वर लेबर, वर जीएसटी. मी म्हटलं, नकाशे राहू द्या, फक्त सॉफ्टवेअरची फाइल द्या, मी घरी करतो. तो म्हणाला, "कस्टमरला देत नाही सर. बाहेर केलं तर वॉरंटी जाईल."

वॉरंटी संपून दोन वर्षं झाली होती. संपलेली वॉरंटी आणखी कुठे जाणार होती, देव जाणे.

शेवटी तिथेच करून घेतलं. एक मुलगा आला, पेनड्राइव्ह लावला, एसी सुरू केला आणि चाळीस मिनिटं मोबाइलवर रील बघत बसला. त्या मुलाबद्दल माझी तक्रार नाही, करण्यासारखं दुसरं काही नव्हतंच. माझी तक्रार त्या बिलाबद्दल आहे. कंपनीच्याच सॉफ्टवेअरमधला दोष कंपनीच्याच फाइलने दुरुस्त झाला, आणि पैसे मी भरले!

मी शहरात राहतो, मला अर्ध्या दिवसात हे उरकता आलं. म्हसवडच्या माणसाने काय करायचं? अधिकृत सर्व्हिस सेंटरसाठी साताऱ्याला जायचं म्हणजे त्याचा अख्खा दिवस गेला, डिझेल वेगळं. गावातल्या मेकॅनिककडे हात आहेत, अक्कल आहे, लॅपटॉपही आहे. फाइल नाही. आणि जुनी गाडी घेणाऱ्याचे हाल आणखी वेगळे. गाडीचं ऑनलाइन खातं पहिल्या मालकाच्या मोबाइल नंबरला जोडलेलं. आरसीवर नाव बदललं तरी कंपनीच्या लेखी मालक तोच!

यावर जी उत्तरं मिळतात, तीही एकेक करून बघू.

पहिलं उत्तर: लोकांच्या हातात फाइल दिली तर गाड्या हॅक होतील. मंडळी, २०१५ ची जीप चेरोकीची गोष्ट आठवा. चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या दोन संशोधकांनी दूर बसून, इंटरनेटवरून, याच इन्फोटेनमेंटच्या वाटेने धावत्या गाडीचा ताबा घेऊन दाखवला होता. कंपनीने त्यानंतर १४ लाख गाड्यांसाठी दुरुस्ती जाहीर केली. ती कशी पोचवली? मालकांना घरी टपालाने पेनड्राइव्ह पाठवले! ज्यांना थांबायचं नव्हतं त्यांना वेबसाइटवरून फाइल उतरवायची मुभा दिली. म्हणजे हॅकिंगच्या सगळ्यात गाजलेल्या प्रकरणात उपाय ठरला तो मालकाने घरी केलेलं अपडेट. धोका जुन्या, भोकं पडलेल्या सॉफ्टवेअरमध्ये असतो. फाइल खरी की खोटी हे ओळखायला डिजिटल सही असते. सही जुळली नाही तर गाडीने फाइल घ्यायचीच नाही. ज्या कंपनीला आपल्या सहीचा भरवसा नाही, तिने आधी ती सही नीट करावी.

दुसरं उत्तर: मध्येच वीज गेली तर युनिट कायमचं बंद पडेल. हा धोका खरा आहे, नाकारत नाही. म्हणून तर सूचना लागतात. बॅटरी अशक्त असेल तर आधी ती बघा, इंजिन चालू ठेवायचं असेल तर बंद गॅरेजमध्ये ठेवू नका, धूर जिवावर बेततो. मध्ये पेनड्राइव्ह काढू नका. फाइल कंपनीच्याच साइटवरून घ्या, टेलिग्रामवर कुणीतरी टाकलेली नको. या चार ओळी कंपनीने मराठीत छापून दिल्या की काम झालं. आणि एक लक्षात घ्या, टेलिग्रामवर फाइल शोधायची वेळ माणसावर येते, कारण सरळ दारातून ती मिळत नाही.

तिसरं उत्तर: कशाला हवाय गाडीतला नकाशा, फोन जोडा की. जोडतो की. पण घाटात रेंज गेली की नवा रस्ता शोधताना फोन चाचपडतो, मे महिन्यात डॅशबोर्डवर तापून तो मान टाकतो. आणि फोनमधलं ॲप स्क्रीनवर दिसायलाही स्क्रीनचं सॉफ्टवेअर ताजं असावं लागतं. फोन दर महिन्याला बदलतो, गाडी बदलत नाही, मग एक दिवस दोघांचं जमेनासं होतं. शिवाय, नेव्हिगेशन निरुपयोगीच होतं, तर विकताना ब्रोशरमध्ये मोठ्या अक्षरात का छापलं होतं?

चौथं उत्तर: नकाशे फुकट बनत नाहीत. अगदी मान्य. नव्या नकाशाचे वाजवी पैसे घ्या. पण ते किती आणि किती वर्षं, हे गाडी विकताना सांगा. आणि सॉफ्टवेअरमधला दोष काढायचे पैसे मात्र मागू नका. तो दोष तुम्ही विकलात, आम्ही घातला नाही.

हा वाद आपल्या देशात नवा नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून जास्त दंड सुनावला होता. कारण काय, तर स्पेअर पार्ट आणि दोष शोधायची यंत्रं बाहेरच्या मेकॅनिकला मिळू न देणं. प्रकरण पुढे अपिलात गेलं, पण मुद्दा तिथेच नोंदला गेला: गाडी विकल्यावर तिच्या दुरुस्तीवर मक्तेदारी चालणार नाही. आज सॉफ्टवेअर हाच स्पेअर पार्ट आहे. तेव्हा कपाटाला कुलूप होतं, आता फाइलला आहे.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली, डिसेंबरमध्ये पोर्टलही सुरू केलं. त्या चार क्षेत्रांत वाहनं आहेत. छान झालं. पण पोर्टल म्हणजे माहितीचा फलक. न देणाऱ्याला भाग पाडणारा कायदा तो नव्हे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२ मध्ये हा हक्क मतपेटीतून घेतला. गाड्या वायरलेस झाल्यावर कंपन्यांना पळवाट सापडली, तर २०२० मध्ये पुन्हा सुमारे ७५ टक्के मतांनी ती बुजवायचा कायदा केला. तिथेही कंपन्या कोर्टात गेल्या. पण लोकांनी मागणी तरी केली. आपण अजून "चालायचंच" म्हणतोय.

मागणी मोठी नाही:

१. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. दोष काढणारे आणि सुरक्षेचे अपडेट तेवढी वर्षं फुकट मिळाले पाहिजेत.

२. चेसिस नंबर टाकला की फाइल आणि मराठीतल्या सूचना कुणालाही उतरवता आल्या पाहिजेत. मालकाला आणि गावातल्या मेकॅनिकलाही.

३. नकाशांची किंमत आणि मुदत गाडी विकतानाच लेखी द्यावी.

४. कंपनीचीच फाइल सूचनेप्रमाणे घरी चढवली, तर वॉरंटीला हात लावता कामा नये.

५. आरसीवर नाव बदललं की खातंही बदललं पाहिजे.

तोवर तुम्ही काय करू शकता? आज गाडीत बसाल तेव्हा स्क्रीनवरच्या व्हर्जनचा फोटो काढून ठेवा. कॅमेरा अडकत असेल तर तो दोष जॉब कार्डवर लिहायला लावा, तोंडी सांगून येऊ नका. फाइल मागा, ईमेलने मागा, नकार आला तर तोही लेखी मागा. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. एकट्याच्या तक्रारीने काही हलणार नाही, हे मलाही कळतं. पण एकाच दोषाच्या हजार नोंदी झाल्या, की "असं फक्त तुमच्याच गाडीत होतंय सर" हे वाक्य त्यांना म्हणता येणार नाही.

आणि नवी गाडी घ्यायला जाणाऱ्यांनो, सनरूफ उघडून बघण्याआधी सेल्समनला एकच प्रश्न विचारा: "याचं अपडेट मला घरी करता येईल का, आणि किती वर्षं?" उत्तर गुळमुळीत आलं तर शेजारच्या शोरूममध्ये जा. पटलं तर ही पोस्ट पुढे पाठवा. तुमच्या कंपनीने फाइल दिली की नाही, ते खाली कमेंटमध्ये लिहा. देणाऱ्यांचीही यादी व्हायला हवी.