बिऱ्हाडाचा प्रश्न

ज्येष्ठ महिना लागला म्हणजे आमच्या महागांवच्या एस. टी. स्टँडवर एक नेहमींचा देखावा दिसूं लागतो. बावीस-तेवीस वर्षांचा एखादा मुलगा, पायांशीं नवी बॅग, हातांत आईनें बांधून दिलेला डबा, आणि भोंवतीं निरोप द्यावयास आलेलीं घरचीं चार माणसें. आमचें गांव नागपूर-तुळजापूर रस्त्यावर आहे. कोणी यवतमाळ-वर्ध्यावरून नागपूर गांठतो, कोणी नांदेडच्या बाजूनें पुण्याकडे वळतो. कापूस, तूर आणि सोयाबीन यांच्या उत्पन्नावर तीन भावांचे संसार चालेनासे झाले, तेव्हांपासून नोकरीसाठीं परगांवीं जाणें हा आमच्या घरांतून सतरावा संस्कारच होऊन बसला आहे.

नोकरी लागली कीं आपण पेढे वांटतों. बिऱ्हाड मिळालें म्हणून पेढे वांटल्याचें मात्र माझ्या ऐकिवांत नाहीं. वास्तविक परक्या शहरांत नोकरीहून जागाच दुर्लभ. ‘गृहस्थ’ या संस्कृत शब्दाचा अर्थ घरांत राहणारा एवढाच. पण मराठींत आपण भल्या, सभ्य माणसासच गृहस्थ म्हणूं लागलों. ज्याला घर तो सभ्य, असें भाषेनें जणूं ठरवूनच टाकलें. मग ज्याला परगांवीं अजून घर मिळावयाचें आहे, तो कोण?

या प्रश्नाचें उत्तर आपल्या मागल्या पिढ्यांनीं आपापल्या परीनें शोधलें. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं नागपूरचें राजधानीपण गेलें आणि विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यांत गेले. त्या वेळीं नागपूरच्या सचिवालयांतील कित्येक कारकुनांस एकाएकीं मुंबईची वाट धरावी लागली. माझ्या वडिलांचे एक चुलत बंधु त्यांपैकींच. त्यांच्या तोंडून ऐकलेलें मला आठवतें : गिरगांवांतील एका चाळींत आत्याच्या दिरानें त्यांस गॅलरींत अंथरूण टाकूं दिलें, आणि पुढें सात महिन्यांनीं त्याच्याच ओळखीनें स्वतंत्र खोली मिळाली. ओळख म्हणजे काय, तर आडनांव, गोत्र आणि दूरचें नातें. गांवदेवीची सारस्वत सहकारी गृहसंस्था १९१५ सालीं निघाली ती अशाच गरजेंतून. परमुलखीं आलेल्यांनीं आपल्या माणसांसाठीं आपणच निवारा उभारला. खाणावळी, वसतिगृहें, विद्यार्थ्यांचे वार, हीं सारीं याच आपलेपणाचीं रूपें. त्या उपकारावर आपल्यांतील किती घरें उभीं राहिलीं याची गणती नाहीं, आणि तो विसरणें कृतघ्नपणाचें होईल.

परंतु त्या आपलेपणाची दुसरी बाजू मला दोन वर्षांपूर्वीं माझ्याच घरानें दाखविली. ती सांगण्यासाठींच आज लेखणी उचलली आहे.

माझ्या धाकट्या भावाचा मुलगा आणि त्याचा शाळासोबती, दोघेही माझे विद्यार्थी. दोघांस पुण्यांत एकाच कचेरींत नोकरी लागली. दोघांनीं मिळून एक जागा घ्यावयाची आणि भाडें निम्में-निम्में द्यावयाचें असें ठरलें. पांच-सहा ठिकाणीं हिंडल्यावर एका जुन्या पेठेंत दोन खोल्या पसंत पडल्या. घरमालक निवृत्त, वयोवृद्ध, सुसंस्कृत. त्यांनीं माझ्या पुतण्यास आडनांव विचारलें आणि ‘म्हणजे आपल्यांतलेच!’ म्हणून चहा मागविला. मग सोबत्याचें आडनांव विचारलें. त्यावरून उलगडा होईना, म्हणून गांव विचारलें, वडिलांचा व्यवसाय विचारला. चहा आला, बोलणें मात्र थांबलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं निरोप आला : जागा गेली. घटकाभरानें पुतण्यास एकट्यास दुसरा निरोप आला : ‘तुम्ही एकटे येणार असाल तर किल्ली तयार आहे.’

नोकरीवर रुजू होण्यास तीनच दिवस उरले होते. पुतण्यानें घरीं फोन केला. माजघरांत सारे जमलों. वहिनी म्हणाल्या, जागा सोडूं नये. भाऊ म्हणाला, तूर्त घे, मग पाहूं. शेवटीं फोन माझ्या हातीं आला. मींही तेंच सांगितलें. ‘तूं जागा घे. तो हुशार आहे, त्याला कोठें तरी मिळेल.’

पलीकडून कांहीं वेळ आवाज आला नाहीं. मग तो म्हणाला, ‘मोठे बाबा, बडोद्याची गोष्ट आम्हांला तुम्हींच सांगितली होती ना?’

होय, मींच सांगितली होती. दरवर्षीं एप्रिलच्या चौदा तारखेस, फळ्यावर सन लिहून. १९१७ सालीं डॉ. आंबेडकर बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. संस्थानच्याच शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेस गेले होते, आणि कोलंबिया विद्यापीठाची एम. ए. पदवी त्यांनीं १९१५ सालींच मिळविली होती. अकाउंटंट जनरलच्या कचेरींत त्यांची नेमणूक झाली. जागा मात्र कोणी देईना. हिंदु खाणावळींत प्रवेश मिळावयाचा नाहीं हें त्यांस ठाऊक होतें. तेव्हां पारशी नांव नोंदवून ते एका पारशी उतारशाळेंत राहिले. अकराव्या दिवशीं काठ्या घेतलेला जमाव दारांत उभा राहिला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याची त्यांस ताकीद मिळाली. सरकारी बंगल्यासाठीं त्यांनीं केलेला अर्ज एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे फिरतच होता. शहरांत त्यांचे दोन स्नेही होते. एक हिंदु, तो म्हणाला, तुम्ही घरीं आलांत तर माझे नोकर निघून जातील. दुसरा ख्रिस्ती, तो म्हणाला, पत्नीस विचारावें लागेल. आंबेडकरांनीं पुढचे तास कामाठी बागेंत काढले आणि रात्रीच्या गाडीनें मुंबई गांठली. ही हकीगत त्यांनीं स्वतःच लिहून ठेविली आहे.

वर्गांत हें सांगतांना माझा सारा रोष त्या काठ्यांवर असे. पुतण्याचा फोन खालीं ठेवला तेव्हां मला कळलें, कीं काठीवाल्यांहून ते दोन स्नेहीच आपल्या अधिक जवळचे आहेत. दोघेही सभ्य. दोघांनींही अपशब्द काढला नाहीं. एकानें नोकर पुढें केले, दुसऱ्यानें पत्नी. मीं तिसरी सबब पुढें केली : ‘तो हुशार आहे.’

आणि एवढ्यावरच भागत नाहीं. आमच्या घराच्या मागल्या अंगास एक खोली आहे. पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वीं तालुक्याच्या एका कचेरींत बदलून आलेला एक तरुण ती विचारावयास आला होता. आडनांव ऐकून मीं उत्तर दिलें होतें, ‘जागा कालच गेली.’ ती खोली त्यानंतर चार महिने रिकामी होती. आम्हीं तींत तुरीचीं पोतीं ठेविलीं. तो तरुण त्याच रस्त्यानें रोज कचेरीस जात असे, आणि खिडकींतून पोतीं दिसत. त्यानें मला नमस्कार करण्याचें कधीं चुकविलें नाहीं. घरमालकांस कायद्याची भीति घालूं पाहणारांस हेंच सांगावेंसें वाटतें : राज्यघटनेच्या १७ व्या कलमानें अस्पृश्यता नष्ट झाली, १९५५ च्या कायद्यानें तिच्या आचरणास शिक्षाही ठेविली, पण ‘जागा कालच गेली’ या चार सभ्य अक्षरांस पकडणें कठीण असतें. तीं ज्याचीं त्यानेंच टाकिलीं पाहिजेत.

पुतण्यानें माझा सल्ला मानला नाहीं. दोघांनीं शहराबाहेर, कचेरीपासून दोन गाड्या बदलाव्या लागतील अशा ठिकाणीं, अधिक भाड्याची खोली घेतली. पहिलीं तीन रात्रीं दोघे एकाच सतरंजीवर निजले. ही गोष्ट मला त्या सोबत्याच्या वडिलांकडून कळली. पुतण्यानें सांगितली नाहीं.

आपल्या मासिकाच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं मुलें परगांवीं जागा शोधीत असतील, आणि पुष्कळांच्या घरीं एखादी भाड्याची खोलीही असेल. दोघांसही उपयोगी पडेल तें सांगतों. जागा देणारानें अवश्य चौकशी करावी. नोकरी कोठें, माणसें किती, भाडें कोणत्या तारखेस, खोली किती महिन्यांसाठीं, हें सारें विचारण्याचा त्यास अधिकार आहे. ठरेल तें लिहून घ्यावें. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, याच्या ५५ व्या कलमाप्रमाणें असा करार लेखी आणि नोंदविलेला असलाच पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती न केल्यास अटींविषयीं भाडेकरूचें म्हणणें, उलट सिद्ध होईपर्यंत, खरें धरलें जातें; शिवाय मालकास तीन महिन्यांपर्यंत कैद, पांच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊं शकतात. भाडेकरूनें अनामत रकमेची पावती घेतल्यावांचून ती हातीं देऊं नये, आणि भिंती, नळ, विजेचें मीटर यांची स्थिति दोघांनीं मिळून पाहून घ्यावी. पोलिस ठाण्यास भाडेकरूची माहिती द्यावी. इतकी खबरदारी घेतल्यावर जो एक प्रश्न उरतो, त्याचें उत्तर मिळाल्यानें भाडें वेळेवर येत नाहीं आणि न मिळाल्यानें थकत नाहीं.

हें सारें घरांत सहज मान्य झालें असें मात्र मी म्हणणार नाहीं. मागल्या खोलीचा नळ आणि आमच्या स्वयंपाकघराचा नळ एकाच पडवींत आहेत. त्यावरून वहिनींचें आणि माझें तीन दिवस बोलणें बंद होतें. चौथ्या दिवशीं त्यांनींच विचारलें, ‘त्या मुलाच्या आईनें आमच्या पोराला पुण्यास जातांना डबा दिला होता तो कोणत्या नळाच्या पाण्याचा होता?’ आणि स्वतःच हंसल्या.

खोली आतां रिकामी केली आहे. पोतीं हलविलीं, चुना दिला, नवें कुलूप आणलें. येथील शाळेंत बदलून येणाऱ्या एक शिक्षिका पुढील आठवड्यांत राहावयास येणार आहेत. फोनवर त्यांनीं भाडें विचारलें, मीं सांगितलें. मीं येण्याची तारीख विचारली, त्यांनीं सांगितली. त्यांचें आडनांव मला अद्याप ठाऊक नाहीं. करारनामा लिहितांना कळेलच.