पॅन कार्डावर छापलेला पासवर्ड

प्रति,
सचिव, इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालय, नवी दिल्ली

महोदय,


आयकर विवरणपत्र भरले की कलम १४३(१) ची सूचना ईमेलने येते. पीडीएफचा पासवर्ड: लहान अक्षरांत पॅन, पुढे जन्मतारीख. पॅन कार्डावर या दोन्ही गोष्टी शेजारीशेजारी छापलेल्या असतात आणि त्या कार्डाच्या झेरॉक्स आपण सिमकार्डापासून भाडेकरारापर्यंत वाटत सुटतो. ई-आधारला नावाची पहिली चार अक्षरे आणि जन्मसाल. नाव ठाऊक असले तर फार तर शंभर प्रयत्न. याला एन्क्रिप्शन म्हणायला जीभ रेटत नाही.

खरे एन्क्रिप्शन फिल झिमरमन यांनी १९९१ मध्येच पीजीपी या सॉफ्टवेअरच्या रूपाने सर्वांच्या हाती दिले. माझ्या सार्वजनिक किल्लीने कुणीही मजकूर बंद करावा; उघडेल तो फक्त माझ्या खासगी किल्लीने. मेल सांभाळणाऱ्या कंपनीलाही तो वाचता येत नाही. ओपनपीजीपी आणि एस-माइम ही अशा एन्क्रिप्शनची दोन खुली मानके. कुणीही ती फुकट वाचावीत, त्यांवर सॉफ्टवेअर बांधावे. तुमच्याच मंत्रालयाची सायबर सुरक्षा संस्था सर्ट-इन आपली पीजीपी किल्ली संकेतस्थळावर देते. ई-निविदा भरणाऱ्या ठेकेदाराच्या यूएसबी टोकनमध्ये सहीबरोबर एन्क्रिप्शनचेही प्रमाणपत्र असते. म्हणजे सामान घरातच आहे.

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ८४अ ने एन्क्रिप्शनच्या पद्धती ठरवण्याचा अधिकार केंद्राला दिला. २०१५ मध्ये त्याआधारे मसुदा आला, तो नागरिकांनी एन्क्रिप्ट केलेल्या संदेशांचा मूळ मजकूर ९० दिवस जपून ठेवावा असे सांगणारा! ओरड झाली, मसुदा मागे घेतला गेला. ते बरेच झाले.

आता मसुदा केलात तर त्यात उत्पादनाचे नाव नको, मानकाचे हवे. ई-प्रशासनात खुली मानके वापरण्याचे धोरण सरकारने २०१० मध्येच जाहीर केले आहे. केंद्राची मेल अलीकडे झोहो कंपनीकडे गेली. उद्या कंत्राट बदलले तरी जुनी पत्रे उघडली पाहिजेत.

अडचणी आहेतच. खासगी किल्ली हरवली की जुनी मेल कायमची बंद. शिवाय ओपनपीजीपीवाल्यांतच फूट पडली आहे: जुलै २०२४ चे आरएफसी ९५८० हे मानक एकीकडे, जीएनयूपीजी हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांचे लिब्रेपीजीपी दुसरीकडे. त्यामुळे सुरुवात प्रमाणपत्रांवर चालणाऱ्या एस-माइमने करा. थंडरबर्ड, आउटलुक या दोन्ही मेल-प्रोग्रामांना ते येते.

आयकर पोर्टलवर, ज्याला हवे त्याला आपले एन्क्रिप्शन प्रमाणपत्र नोंदवता यावे आणि त्याच्या सूचना त्या प्रमाणपत्रानेच बंद होऊन याव्यात. बाकीच्यांचे सध्या आहे तसे चालू द्या. खासगी किल्लीची प्रत मात्र कुणाकडेही मागू नये.

कळावे,
एक करदाता